वायर किती व्होल्ट खाते?



मशीन गटाचं असतं, कर्ज गटाच्या नावावर असतं, पण मोटर जळाली की बोट मात्र मशीन चालवणाऱ्या बाईकडे जातं. 'जास्त मिरची घातली असेल', 'मध्येच बंद-चालू केलं असेल', 'बायकांना मशिनरीतलं काय कळतंय'. मोटर रिवाइंडिंगला जाते, चार-सहा दिवस काम बंद पडतं, आलेली ऑर्डर दुसरीकडे जाते. मोटर भरून येते आणि दोन महिन्यांत पुन्हा जळते. मग बैठकीत भांडण. अशी तक्रार घेऊन कुणी आलं की आम्ही मशीनबद्दल काही विचारायच्या आधी एकच विचारतो: मीटरपासून मशीन किती लांब आहे, आणि मधली वायर कितीची आहे?

बहुतेक वेळा याचं उत्तर कुणालाच माहीत नसतं. मशीनची किंमत, हप्ता, व्याज सगळं तोंडपाठ असतं. वायर मात्र 'घरात होती ती लावली'. आजचं बोलणं या वायरबद्दल आहे. थोडा हिशोब आहे, पण गुणाकार-भागाकाराच्या पुढे आपण जाणार नाही. गटाचं व्याज काढणाऱ्या बाईला तो जड जायचा नाही. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर बरं.

ज्यांच्या शेतात ठिबक आहे त्यांना ही गोष्ट लगेच समजेल. नळी फार लांबली की शेवटच्या झाडाला पाणी कमी पडतं. टाकी तीच, पंप तोच, पण नळीतून जाता जाता दाब उतरत जातो. नळी जितकी लांब आणि जितकी बारीक, तितका तो जास्त उतरतो, आणि एकदम जास्त पाणी सोडलं तर आणखी उतरतो. विजेचंही तसंच. व्होल्ट म्हणजे दाब, अँपिअर म्हणजे वाहणारा प्रवाह, आणि वायर जो अडथळा करते तो मोजायचं माप म्हणजे ओहम. गेऑर्ग ओहम नावाच्या जर्मन शाळामास्तरांनी १८२७ साली हा नियम पुस्तकात मांडला, त्यांचंच नाव मापाला दिलं आहे. नियम एवढाच: अँपिअर गुणिले ओहम म्हणजे वायरने वाटेत खाल्लेले व्होल्ट.

आता ओहम कुठून आणायचे? त्यासाठी एक आकडा लक्षात ठेवा, १.८. तांब्याची एक चौरस मिलिमीटर जाडीची वायर १०० मीटर लांब असेल तर तिचा अडथळा साधारण १.८ ओहम असतो. बाकी सगळं त्रैराशिक. लांबी दुप्पट झाली की ओहम दुप्पट. जाडी दुप्पट झाली की ओहम निम्मे. दुकानात ही जाडी 'स्क्वेअर एमएम'मध्ये सांगतात, किंवा नुसतं 'दीडची', 'अडीचची', 'चारची' म्हणतात, आणि चांगल्या वायरवर ती छापलेलीही असते. जुने वायरमन अजून 'तीन-बावीस', 'सात-वीस' असं बोलतात. त्यातला पहिला आकडा आतल्या तारा किती ते सांगतो आणि दुसरा त्या तारांचा गेज. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, हे उलटं आहे म्हणून घोळ होतो. त्यापेक्षा स्क्वेअर एमएम विचारलेलं बरं. वायर अॅल्युमिनियमची असेल तर १.८ च्या जागी सुमारे ३ धरा. तांब्यापेक्षा तिचा अडथळा दीडपटीहून जास्त असतो.

हिशोबात सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक इथेच सांगून टाकतो. वीज मशीनपर्यंत जाते आणि परतही येते. मशीन ६० मीटर लांब असेल तर वायर १२० मीटर धरायची. एक तार जायची, एक यायची.

आता गटाचं मिरची-मसाला कांडप मशीन घेऊ. दोन हॉर्सपॉवरची मोटर, घरच्या म्हणजे सिंगल फेज विजेवर चालणारी. मोटरवर पत्र्याची पाटी असते, तिच्यावर व्होल्ट आणि अँपिअर कोरलेले असतात. पाटीवर २३० व्होल्ट, १२ अँपिअर आहे असं समजू. मशीन गोठ्याशेजारच्या शेडमध्ये आहे, मीटरपासून ६० मीटरवर, आणि वायर दीडची. १२० मीटर वायर एक चौरस मिलिमीटरची असती तर २.१६ ओहम झाले असते. ती दीडची आहे म्हणून भागिले दीड, म्हणजे १.४४ ओहम. त्याला १२ अँपिअरने गुणलं की १७ व्होल्ट. मीटरवर २३० असले तरी मशीनला २१३ मिळतात.

'एवढंच ना?' असं वाटेल. मोटर २१३ वर चालते, हे खरं आहे. पण गावात संध्याकाळी मीटरवरच २०० असतात. तिथून पुढे वायरने खाल्ले की उरतात १८० च्या आतबाहेर. मिरची तेवढीच कुटायची आहे, काम कमी झालेलं नाही, म्हणून मोटर दाबाची तूट प्रवाहाने भरून काढते. १२ च्या जागी १५ अँपिअर ओढायला लागते. मोटरच्या आतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. प्रवाह सव्वापट झाला तर उष्णता सव्वा गुणिले सव्वा, म्हणजे दीडपटीच्याही थोडी पुढे. आमच्या धंद्यात एक ढोबळ अंदाज वापरतात: मोटरच्या वेटोळ्याचं तापमान कायम दहा अंशांनी जास्त राहिलं, तर त्यावरच्या वार्निशचं आयुष्य निम्मं होतं. मोटर एका दिवसात जळत नाही, ती रोज थोडी थोडी जळत असते. ज्या दिवशी धूर निघतो त्या दिवशी मशीनवर असलेल्या बाईचं नाव होतं.

हे झालं चालू मशीनचं. खरी खोच सुरुवातीच्या दोन सेकंदांत आहे. थांबलेली मोटर उठताना पाटीवरच्या आकड्याच्या पाचपट प्रवाह मागते. वायरने खाल्लेले व्होल्टही त्याच प्रमाणात वाढतात. वरच्या आपल्या शेडमध्ये मीटरवर पूर्ण २३० असताना मोटर उठतेवेळी तिच्यापाशी जेमतेम १८० पोहोचतात, आणि मीटरवर २०० असतील तेव्हा १५५ च्या आसपास. मोटरचा उठण्याचा जोर व्होल्टच्या वर्गाने कमी होतो. व्होल्ट निम्मे झाले तर जोर चौथाई. १५५ व्होल्टवर जोर निम्म्याहूनही कमी भरतो. दिवे मंद होतात, मोटर 'घूं' करत रेंगाळते आणि हळूहळू वेग पकडते.

या रेंगाळण्यात नुकसान कसं होतं ते नीट सांगतो, कारण पुढे भांडणात हेच कामाला येईल. अशा बऱ्याच सिंगल फेज मोटरींत दोन वेटोळी असतात. एक कायम चालणारं, दुसरं फक्त उठवण्यासाठी. त्याला रिवाइंडिंगवाले स्टार्टिंग वाइंडिंग म्हणतात, बाहेरचा डबीसारखा कपॅसिटर त्याच्याच मदतीला असतो. मोटरने बऱ्यापैकी वेग घेतला की आतला एक स्विच 'टक्' असा आवाज करून हे दुसरं वेटोळं बाजूला काढतो. ते काही सेकंदांसाठीच बनवलेलं असतं. मोटर रेंगाळली तर स्विच पडत नाही, वेटोळं तसंच चालू राहतं आणि तापून काळं पडतं. म्हणून मोटर जळाली की रिवाइंडिंगवाल्याला गाठून विचारा, 'कुठलं वाइंडिंग जळालंय, स्टार्टिंगचं की रनिंगचं?' एकटं स्टार्टिंगचं काळं असेल तर मोटर नीट उठतच नव्हती. मग कारण एक तर हा आतला स्विच किंवा कपॅसिटर बिघडलेला, नाहीतर व्होल्ट कमी, नाहीतर मिरची आत भरून ठेवून मशीन सुरू केलेलं. दोन्ही वेटोळी सगळीकडून सारखी करपलेली असतील तर बरेच दिवस जास्त प्रवाह वाहत होता. उत्तर मिळालं की ते गटाच्या वहीत तारखेसह लिहून ठेवा. पैसे देऊन मोटर भरून घेतो आणि कारण मात्र विचारत नाही, असं आपण शिलाई मशीनच्या बाबतीतसुद्धा करत नाही.

इलाज काय? पहिला आणि सगळ्यात स्वस्त इलाज म्हणजे मशीन मीटरच्या जवळ आणणं. जागा नसेल तर जाड वायर. तीच १२० मीटर वायर चारची घातली तर ओहम ०.५४ होतात आणि १२ अँपिअरला साडेसहा व्होल्टच जातात. उठतानाही मोटरला २१० च्या आसपास मिळतात. २३० व्होल्टच्या जोडणीत वायरने सातापेक्षा जास्त व्होल्ट खाऊ नयेत, म्हणजे शेकडा तीन, असं धरून आम्ही वायर निवडतो. मोटरींना शेकडा पाचपर्यंत चालवून घेणारेही आहेत, पण जिथे मीटरवरच व्होल्ट कमी असतात तिथे आम्ही तीनच धरू.

जाड वायर महाग पडते, हे खरंच आहे. पण बारीक वायर फुकट नसते. वायरमध्ये वाया जाणारी वीज काढायची तर अँपिअरला अँपिअरने गुणा आणि पुन्हा ओहमने गुणा. दीडच्या वायरला १२ गुणिले १२ गुणिले १.४४, म्हणजे २०७ वॅट. चारच्या वायरला ७८ वॅट. फरक १२९ वॅटचा. रोज चार तास मशीन चाललं तर महिन्याला साधारण १५ युनिट नुसती वायर तापवण्यात जातात. युनिटला ८ रुपये धरले तर १२० रुपये. वर्षाचे १४०० च्या पुढे गेले, आणि यात रिवाइंडिंग धरलेलंच नाही. आपल्या बिलावर जो दर असेल तो घालून हा हिशोब करून बघा. गटाला पटवायला तोच कागद पुढे ठेवता येतो.

वायर बदलताना हिरवी तार, म्हणजे अर्थिंगची, विसरू नका. हिशोबात ती येत नाही, कारण नेहमीचा प्रवाह तिच्यातून जात नाही, पण लोखंडी मशीनला हात लावून दिवसभर काम करायचं तर ती आणि झटका बसताच वीज तोडणारा स्विच, दोन्ही हवेच. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. आणि वाटेत पिळून पट्टी गुंडाळलेले सांधे ठेवू देऊ नका. एकेक ढिला सांधा चांगल्या वायरची किंमत घालवतो.

आता स्टॅबिलायझरबद्दल. 'व्होल्ट कमी येतात ना, मग मशीनपाशी स्टॅबिलायझर लावा', हा सल्ला दुकानात हमखास मिळतो. स्टॅबिलायझर व्होल्ट तयार करत नाही. तो १८० चे २३० करतो तेव्हा त्या बदल्यात मागून जास्त अँपिअर ओढतो, १२ च्या जागी १५ च्या पुढे. ते अँपिअर येतात त्याच बारीक वायरमधून. म्हणजे वायर आणखी व्होल्ट खाणार, आणखी तापणार. मीटरवरच व्होल्ट कमी असतील तर स्टॅबिलायझरचा उपयोग आहे, आणि तोही मीटरच्या बाजूला लावला तर. दोष वायरचा असेल तर स्टॅबिलायझरचे पैसे वायरमध्ये घालावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दोष कुठला आहे हे कळण्यासाठी मोजावं लागतं, आणि मोजण्यातही एक गोम आहे. वायरमन येतो, मशीन बंद असतं, तो सॉकेटवर मोजतो आणि म्हणतो, 'बघा, बावीसशे नाही, दोनशे तीस आहेत पूर्ण!' त्याचं बोलणं खोटं नसतं. पण मशीन बंद असताना प्रवाह शून्य, आणि शून्य गुणिले ओहम शून्यच. वायर तेव्हा काहीच खात नाही. नळ बंद असताना शेवटच्या टोकालाही पाण्याचा दाब पूर्ण असतो, तसंच. म्हणून मोजायचं ते मशीन चालू असताना, आत मिरची असताना, आणि दोन ठिकाणी: मीटरजवळच्या सॉकेटवर आणि मशीनजवळच्या सॉकेटवर. मल्टिमीटरच्या सुया सॉकेटमध्ये घालायची सवय नसेल तर ते करू नका. सॉकेटमध्ये पिनेसारखा खोचायचा, आकडे दाखवणारा छोटा व्होल्टमीटर मिळतो, तो चालतो. टेस्टरचा दिवा लागला एवढ्यावर काही कळत नाही. तो वीज आहे की नाही एवढंच सांगतो, किती ते सांगत नाही.

मीटरपाशी २२५ आणि मशीनपाशी २०५ आले, तर वीस व्होल्ट आपल्या वायरने खाल्ले. खर्च आपल्यालाच करायचा. मीटरपाशीच १८५ असतील तर प्रश्न डीपीपासून आपल्यापर्यंतच्या लाइनचा आहे. डीपी लांब असेल, तिच्यावर भार वाढला असेल किंवा खांबावर सांधा ढिला असेल. आठ दिवस सकाळ-दुपार-संध्याकाळ मीटरपाशीचे आकडे वेळेसह लिहा आणि तो कागद जोडून लेखी तक्रार द्या. १९१२ या नंबरवरही वीज कंपनीकडे तक्रार नोंदवता येते. 'लाइट कमी येते' या बोलण्यावर काही होत नाही, पण 'सायंकाळी ७ वाजता मीटरपाशी १८५ व्होल्ट' असं लिहिलं असेल तर उत्तर द्यावं लागतं.

डीपीचा विषय निघाला म्हणून सांगतो. गावाबाहेरून डीपीपर्यंत येणाऱ्या लाइनवर ११,००० व्होल्ट असतात. इतके कशाला? तेवढीच वीज जास्त व्होल्टने पाठवली की अँपिअर कमी लागतात, आणि अँपिअर कमी म्हणजे वायरची खादाडी कमी. हेच उलटं केलं की काय होतं ते सोलरच्या दिव्यांत दिसतं.

बॅटरीवरचे सोलर दिवे बहुधा १२ व्होल्टचे असतात. समजा घरातल्या बॅटरीवरून ३० मीटरवरच्या गोठ्यात नऊ-नऊ वॅटचे तीन दिवे लावले, अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या बारीक वायरने. २७ वॅट भागिले १२ व्होल्ट, म्हणजे सव्वादोन अँपिअर. वायर जाऊन-येऊन ६० मीटर, तिचे २.१६ ओहम. गुणाकार केला की ४.९ व्होल्ट. बारातले जवळजवळ पाच वाटेतच गेले, दिव्यांना उरले सात. दिवे मिणमिणतात किंवा लागतच नाहीत, आणि दोष पॅनेलला नाहीतर बॅटरीला दिला जातो. तेवढ्याच वॅटचे दिवे २३० व्होल्टवर असते तर त्याच वायरने पाव व्होल्टच खाल्ला असता. म्हणून १२ व्होल्टचं काम असेल तर बॅटरी दिव्यांजवळ ठेवा. बॅटरी गोठ्यातच कोरड्या, हवेशीर जागी, जनावरं पोहोचणार नाहीत अशी ठेवली आणि पाच मीटर दीडची वायर वापरली, तर पाव व्होल्टच्या आसपासच जातो. लांब वायर नेायची असेल तर ती पॅनेलची जाड वायर असू द्या.

इन्व्हर्टरच्या बॅटरीला बोटाएवढ्या जाड केबल का असतात, हेही यावरून कळेल. ६०० वॅटचा भार १२ व्होल्टच्या बॅटरीवर घेतला की ५० अँपिअरच्या वर प्रवाह वाहतो. बॅटरीच्या टोकावर पांढरी-हिरवी भुकटी साठली किंवा नट ढिला झाला आणि तिथे ओहमचा फक्त पन्नासावा भाग अडथळा तयार झाला, तरी एक व्होल्ट जातो आणि ५० वॅट उष्णता त्या एका नटावर निघते. तो नट हाताला चटका देईल इतका तापतो आणि इन्व्हर्टर 'बॅटरी कमी' म्हणून ओरडतो. बॅटरी नवी घ्यायच्या आधी इन्व्हर्टर बंद करून, त्याची भिंतीतली पिन काढून, वायरमनकडून ही टोकं साफ करून नट घट्ट करून घ्या. नंतर थोडं व्हॅसलिन लावलं की भुकटी लवकर येत नाही. पाना एकाच वेळी दोन्ही टोकांना लागू देऊ नये, हातातल्या बांगड्याही काढून ठेवायच्या. १२ व्होल्टचा झटका बसत नाही, पण धातूची बांगडी दोन टोकांत आली तर लाल होते.

राहिला मोबाइल. 'चार्जर तोच, मग फोन आता तासन्‌तास का भरतो?' साधा चार्जर ५ व्होल्ट आणि २ अँपिअर देतो. स्वस्त केबलच्या आत तार इतकी बारीक असते की मीटरभर केबलचे, जाऊन-येऊन, अर्ध्या ओहमच्या जवळपास होतात. दोन अँपिअरला जवळजवळ एक व्होल्ट गेला, फोनला चारच्या थोडेच वर उरले. फोनला ते पुरत नाहीत, मग तो स्वतःहून प्रवाह कमी घेतो आणि रात्रभर भरत बसतो. दोन मीटरची तशीच केबल घेतली तर हाल दुप्पट. जलद चार्जर यावर दोन तोडगे काढतात. काही जण ९ व्होल्ट देऊन अँपिअर कमी ठेवतात, डीपीच्या लाइनसारखं. काही जण अँपिअर वाढवतात आणि सोबत जाड केबल देतात. त्या दुसऱ्या प्रकारात सोबतची केबल हरवली आणि बाजारातली लावली की चार्जर चांगला असूनही फोन सावकाश भरतो. तपासायला मीटरही लागत नाही. एकच चार्जर, एकच फोन, साधारण तेवढीच उतरलेली बॅटरी, आणि दोन वेगळ्या केबल. प्रत्येकीवर अर्धा तास ठेवून टक्के किती वाढले ते लिहा. ज्या केबलवर कमी वाढले, ती केबल व्होल्ट खाते आहे.